तिसरा ठोका

शेफील्डच्या चढावर आठ बाय सहाची खोली,
घरमालकाच्या कागदावर तिचं नाव 'तिसरी बेडरूम'.
तीत गिटार, इस्त्रीची फळी,
आणि गेल्या मंगळवारपासून
एक अख्खा ड्रमसेट
ज्याला जागा लागते फक्त डिस्कवर:
एकसष्ट जीबी.

उतरवून घ्यायला दोन रात्री गेल्या.
मी ड्यूटीवर, लोकांच्या फुफ्फुसांचे फोटो काढत,
आणि घरी थेंबाथेंबानं
कुणाचा तरी स्नेअर येत होता.

तसे तीन पाहिले होते.
एक स्वस्त. त्याची झांज खोकायची,
सोळा वेळा मारली तर सोळा वेळा
तोच खोकला.
एक महाग. मेपल की बर्च, कातडं की प्लास्टिक,
माइक वीतभर मागे की पुढे,
गाणं राहिलं बाजूला, मी सुतारकाम करत बसले.
दहा दिवसांची फुकट मुदत
नट आवळण्यात संपली.
मग हे मधलं घेतलं.
का, तर पहिल्या ठोक्याच्या जरा आधी
त्यात स्टूल कुरकुरल्याचा आवाज राहून गेलाय.
कुणीतरी बसलं होतं तिथे.

त्याचं नाव कुठेच दिलेलं नाही.
एकेक ढोल त्यानं वाजवला असेल
हळू, त्याहून जरा कमी हळू,
डावा हात, उजवा हात,
मध्ये सँडविच खाऊन पुन्हा डावा.
आता तो माझ्या बोटांखाली,
रबराच्या सोळा चौकोनांत.

गावी धोंडीतात्या हलगी शेकायचे,
पाचटाचा जाळ करून.
चढली का, हे नखाच्या टिचकीनं ऐकायचे,
नाही म्हणत पुन्हा धरायचे.
इथे एक गोल बटण आहे, उजवीकडे फिरवलं की चढते.
धूर नाही. छतावरचा अलार्मही गप्प.
'जगभरची वाद्यं' उघडून पाहिलं,
भारताच्या खणात एक तबला आणि एक देवळातली घंटा.
हलगी नाही. तात्या तर नाहीतच.

सगळं हेडफोनमध्ये, पहाटे, ड्यूटीवरून आल्यावर.
कुणाला त्रास नको म्हणून पॅडखाली टॉवेल.
तरी शनिवारी दार वाजलं.
शेजारचे विल्फ स्टॅनिफोर्थ, वय चौऱ्याऐंशी,
हातोड्याच्या कारखान्यात डावा कान देऊन आलेले,
उजवाही अर्धाच.
मी माफीची वाक्यं जुळवत होते.
"लव्ह," ते म्हणाले,
"तुझा तिसरा उशिरा येतो."

कान नव्हे, त्यांच्या पलंगाची पाटी ऐकत होती,
माझ्या टेबलाला टेकलेल्या भिंतीला टेकलेली.
ना झांज, ना बास, ना ते महागडं रिव्हर्ब,
त्यांच्यापर्यंत पोचत होती
नुसती माझी बोटं.

पडद्यावर तर एकही चूक नव्हती.
सॉफ्टवेअरनं प्रत्येक ठोका धरून
रेघेवर नेऊन ठेवला होता,
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखा.
आणि त्या सरळ रांगेवर मी वरून
'ह्युमनाइज' नावाची चकती बारा टक्के फिरवलेली,
म्हणजे माणसासारखं चुकल्यागत वाटावं.

"आमच्या मोठ्या हातोड्याचंही तेच," विल्फ म्हणाले,
"जानेवारीत. तिसरा जड व्हायचा.
आम्ही तेवढ्यात पळी वळवायचो."
पळी म्हणजे काय ते मला कळलं नाही,
त्यांनी हातानं दाखवलं,
मनगट असं, चटकन,
आणि मला वाटलं, हे मी कुठेतरी पाहिलंय.

चहा झाला. बिस्किटं त्यांनी बुडवली, मी नाही.
ते गेल्यावर मी चकती शून्यावर आणली,
रेघेवरचे ठोके सोडवले,
आणि ऐकलं.
उशिरा येतो खरा तिसरा,
दर वेळी, तेवढाच.

गाणं अजून अर्धं आहे. कडवं बसत नाहीये.
टॉवेल मात्र
परत न्हाणीघरात.